धाकटीचा निबंध आणि माझ्या इतर चीजवस्तू

मी, खाली सही करणारी, वय बावीस, कुलपं दुरुस्त करणाऱ्यांची थोरली मुलगी आणि या घरातून कॉलेजात गेलेली पहिली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. धाकटी बहीण सकाळपासून चार वेळा "झालं का गं लिहून?" विचारून गेली, पण ती वेगळ्या कागदाबद्दल विचारत होती. परवा, गुरुवारी, माझ्या गळ्यातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, किरकोळ आहे. किरकोळ असेल तर संमतीपत्रावर दोन सह्या कशाला, असं मी विचारलं. "ताई, तुम्ही फार वाचता," ते म्हणाले. म्हणून हे.

१. माझं टेबल, दिवा आणि शब्दकोश धाकटीला. टेबलाचा डावा खण अडकतो. बाबांना सांगू नये, ते त्याला कुलूप बसवतील.

२. निबंधांची वहीही तिलाच. कॉलेजात किती प्रकारचे निबंध लिहावे लागतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एकेक प्रकार मी कमी गुण घेऊन शिकले. अनुभव सांगायचा असेल तर एकच प्रसंग घ्यावा, जन्मापासून सुरुवात करू नये. वर्णन असेल तर 'सुंदर' लिहून सुटका करून घेऊ नये. तुलना करताना दोन्ही गोष्टींना एकच माप लावावं. वादाच्या विषयात समोरच्याचं म्हणणं त्यालाही पटेल इतकं नीट मांडावं आणि मग खोडावं. मी फक्त मांडत असे. आई प्रत्येक भांडणात "त्यांचंही काही चुकत नाही" म्हणते, माझे निबंधही तिथेच संपायचे.

३. निबंध शिकवणाऱ्या बाईंवरचा माझा राग मी कोणाच्याही नावे करत नाही. त्यांनी अकरा निबंधांखाली लाल शाईने एकच शेरा मारला: "यात तू कुठे आहेस?" कुठे शोधायचं ते एकदाही सांगितलं नाही. त्यांचं बरोबर होतं, ही माझी वेगळी तक्रार आहे.

४. आमच्या घरातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद आधी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा, अशी पद्धत आहे. माझा प्रवेशाचा निबंधही तसाच वाचला गेला, आत्या तेवढी त्या दिवशी गावाला गेली होती. विषय होता, 'तुम्ही चुकलात तो प्रसंग'. चौदाव्या वर्षी आत्याच्या डोळ्यांच्या तपासणीचा अर्ज मी भरला. एक शब्द कळला नाही आणि विचारायची लाज वाटली, म्हणून अंदाजाने खूण केली. तिची तारीख चार महिने पुढे गेली. हे मी लिहिलं होतं. बाबा म्हणाले, "घरातल्या गोष्टी परक्यांना कशाला?" परिच्छेद गेला. आईने सर्वांचे आभार घालायला लावले. मग बाबांना शेवट मोकळा वाटला, म्हणून खाली आलं, "तसदीबद्दल क्षमस्व. आपली नम्र." कॉलेजने नकार कळवला. माझं एक वर्ष गेलं आणि घरात अजून सगळे म्हणतात, कागद चांगला झाला होता. ही पद्धत मी रद्द करते. मला तसा अधिकार आहे की नाही, ते माहीत नाही.

५. खणात दोन कागद आहेत: धाकटीच्या नावाने मी लिहिलेला तिचा प्रवेशाचा निबंध. शुक्रवारी द्यायचा आहे. विषय, 'कोणाच्याही मदतीशिवाय केलेलं एक काम'. चांगला उतरला आहे, हीच पंचाईत आहे. त्यात जागोजागी 'मी' आहे आणि त्यातली एकही ती नाही. हा निबंध मी कोणालाही देत नाही. तो फाडावा.

पुरवणी. आत्या म्हणाली, "ऐकल्याशिवाय मी साक्षीचा अंगठा देणार नाही." त्यामुळे वरचं सगळं मला मोठ्याने वाचावं लागलं. चौथ्या कलमावर आत्या बाबांना म्हणाली, "माझ्या डोळ्यांचं होतं होय त्यात? मला विचारायचंस की रे. ठेव म्हटलं असतं." पाचव्यावर धाकटी उठली.

"म्हणजे झालाय लिहून?"

"झालाय."

"मग दे की. उद्या तुला काही झालं तर मी काय करू?"

मी खण ओढला. तो नेहमीसारखा अडकला, बाबांनी हिसका देऊन उघडला. ते दोन कागद मी सर्वांदेखत फाडले. धाकटी रडली नाही, चिडली. "मी एकटीने काही केलेलंच नाही. सगळं तूच करून देतेस. काय लिहू मी?"

ती आता टेबलाशी कोरा कागद घेऊन बसली आहे आणि माझ्याशी बोलत नाही. ती जे बोलली तेच तिच्या निबंधाचं पहिलं वाक्य आहे, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी सांगितलेलं नाही.

लिहून देणार: थोरली (सही)
साक्षीदार: आत्या (डाव्या हाताचा अंगठा), शेजारचे घड्याळवाले काका (सही). दोघांनाही यातून काही मिळत नाही, हे तपासलं आहे.
ठिकाण: राहतं घर, दुकानावरची खोली
दिनांक: चौदा, मंगळवार