एक बाई होती, तिला मुलाखत द्यायची होती

ती. वन्सं,

वाकून नमस्कार. (खरोखरच वाकले होते. पेनाचं टोपण टेबलाखाली गडगडत गेलं, ते काढता काढता तुमचाही नमस्कार उरकून घेतला, तेव्हा हा नुसता कागदी समजू नये.) तुमचा गुडघा आता कसा आहे? भावोजींचा खोकला गेला, की अजूनही फक्त पाहुणे आल्यावरच येतो? इकडे सगळं ठीक. तुमच्या बंधूंची तब्येत उत्तम आहे. परवा कपाट सरकवायला हाक मारली तेव्हा कंबर धरून बसले होते, पण कपाट जागेवर लागलं आणि लगेच बरे झाले.

पत्र लिहायला तसं विशेष कारण नाही. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मला मध्येच थांबवून माझी वाक्यं दुरुस्त करता आणि मूळ गोष्ट राहूनच जाते, म्हणून हे लिहायला घेतलं. मी तुमच्याकडे जर्मन शिकायला आले आणि जाताना तुमचा धाकटा भाऊ घेऊन गेले, असं तुम्ही चारचौघांत नेहमी सांगता. खरंच आहे ते. तुमच्या तक्त्यांमुळे मला आजही झोपेतून उठवून चौथी विभक्ती विचारली तरी येते. (तुमच्या बंधूंनी एकदा विचारून पाहिलं. मी सांगितली आणि कूस बदलून झोपले म्हणे.) असं असूनही मी हल्ली तक्ते गुंडाळून ठेवलेत आणि गोष्टी सांगून शिकवते, हे तुमच्या कानावर कुणीतरी घातलंच असेल. काय घातलं असेल याचीही मला कल्पना आहे. म्हणून झालं ते सगळं माझ्या तोंडून ऐका.

माझ्या संध्याकाळच्या वर्गात सगळ्या नर्सेस. परदेशी नोकरीसाठी भाषा हवी, म्हणून ड्युटी संपवून येतात. आल्या की आधी बाकाखाली चपला काढतात आणि पाय एकमेकींच्या पायांवर ठेवून बसतात. अशा बायांपुढे मी सुरुवातीला क्रियापदांची रूपं म्हणायला लागले, तर पहिली ओळ संपायच्या आत मागच्या बाकावर माना पडल्या. रागावणार तरी कुणावर? त्यांना जागं ठेवायचं तर गोष्टच हवी. यात करायचं ते एवढंच, की बाईंनी दोनतीन नवे शब्द घ्यायचे, एक वाक्य टाकायचं आणि पुढचं वर्गाला विचारायचं. कोण होतं, त्याला काय हवं होतं, मग तो कुठे गेला. वर्ग सांगेल ते मान्य करायचं आणि तेच वाक्य उलटसुलट इतक्यांदा विचारायचं की ते जिभेवरून उतरूच नये. ऐकायला सोपं वाटतं. अडचण अशी की वर्गाला जेवढे शब्द येतात तेवढीच माणसं गोष्टीत येऊ शकतात, आणि माझ्या वर्गाला तेव्हा बटाटा, कांदा, पाठ, खिडकी आणि सासू एवढंच येत होतं. तेव्हा आमचा नायक झाला बटाटा. त्याची पाठ दुखत होती. तो डॉक्टरकडे गेला, तर डॉक्टर कांदा निघाला. बटाटा रडला. तो पाठीमुळे रडला की डॉक्टरमुळे, यावर माझ्या वर्गात अख्खा तास वाद झाला, आणि तोही जर्मनमधून. वन्सं, तुम्ही तिथे असतात तर लिंगं चुकली म्हणून कपाळाला हात लावला असतात, पण एकही मान पडली नव्हती एवढं मात्र कबूल केलं असतंत.

या वर्गातली सगळ्यात मोठी म्हणजे आमच्या थोरल्या सिस्टर. बाकीच्यांहून बऱ्याच मोठ्या. मुलगी लग्न होऊन गेलेली, नवरा शांत स्वभावाचा, आणि सगळी नोकरी एकाच हॉस्पिटलच्या एकाच वॉर्डात गेलेली. या वयात तुम्हाला कशाला हवंय परदेश, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. त्यांनी पायात चप्पल घालता घालता सांगितलं, "आयुष्यभर दुसऱ्यांना डिस्चार्ज दिला, बाई. एकदा मला घ्यायचाय." त्यांना तिकडच्या एका हॉस्पिटलची मुलाखत आली होती, आणि ही हुकली तर पुढच्या वेळी वयात बसणार नाहीत, हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं.

आता दुसरी बाजू. मी शिकवते त्या संस्थेच्या संचालकांनी टूम काढली की भाषा शिकवणाऱ्यांनी एकत्र बसून आपापली शिकवण्याची रीत एकमेकांना दाखवायची. आम्ही तिघंच. मी, फ्रेंच सर आणि जपानी बाई. (त्या जपानी शिकवतात म्हणून जपानी बाई. बाकी आपल्यासारख्याच आहेत, फक्त कमी बोलतात.) झेरॉक्सच्या खोलीत बसतो, तिथे कायम गरम कागदाचा वास असतो आणि खुर्च्यांना लिहायची फळी फक्त उजव्या हाताला असते, त्यामुळे डावखुऱ्या जपानी बाई सबंध बैठक खिडकीकडे तोंड करून बसतात. फ्रेंच सर तुमच्या पंथातले. नियम आधी, उदाहरण मग, आणि हसणं सुट्टीत. मी गोष्टींचं गुणगान गायला लागले की ते चष्मा पुसायला घेतात. खरं सांगायचं तर त्या बैठकीत आम्ही तिघंही आपापला अनुभव द्यायलाच जातो. घ्यायला आलेलं कुणीच नसतं.

माझी पाळी आली तेव्हा मी थोरल्या सिस्टरना बरोबर नेलं. म्हटलं, दाखवायचं तर पक्कं दाखवू. त्यांनी बटाट्याची गोष्ट अशी सांगितली म्हणता, की पाठ धरून वाकल्या काय, कांदा होऊन नाडी बघितली काय! एकदाही अडखळल्या नाहीत. जपानी बाईंनी खुर्ची फिरवून घेतली. फ्रेंच सरही हसले, पण आता ते कबूल करत नाहीत. मी आपली संचालकांकडे बघत होते, आणि माझा चेहरा कसा झाला असेल ते तुम्ही ओळखालच. तेवढ्यात फ्रेंच सरांनी चष्मा चढवला आणि त्यांना येतं तेवढ्या जर्मनमध्ये सिस्टरना साधं विचारलं की तुम्ही काम कुठे करता. सिस्टर म्हणाल्या, एक बाई होती. ती बाई हॉस्पिटलात काम करत होती. सरांनी विचारलं, घरी कोण कोण असतं? तर त्या बाईला एक नवरा होता, एक मुलगी होती. आवडतं काय? त्या बाईला चहा आवडत होता.

सरांनी माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात विचारलं, "मॅडम, या बाई हयात आहेत ना?"

संचालक एवढे हसले की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. सिस्टरही हसल्या, पण त्यांना काय चुकलं ते कळलं नव्हतं, आणि ते त्यांना सांगायला मला जी लाज वाटली ती अजून आठवते. आमच्या गोष्टीत सगळं होऊन गेलेलं असायचं आणि ते सगळं दुसऱ्याच कुणाचं तरी. इतके महिने माझ्या वर्गात कुणी ‘मी’ म्हटलंच नव्हतं. बायका भूतकाळात आणि तृतीयपुरुषात घडाघडा बोलायच्या, आणि स्वतःचं नाव विचारलं की गोष्ट सुरू व्हायची. मुलाखत तर तोंडावर आलेली.

बैठक उठल्यावर जपानी बाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, त्या आज गोष्ट दुसऱ्याची म्हणून सांगतात आणि उद्या तीच पोरांकडून स्वतःची म्हणून वदवून घेतात. हे बैठकीत का नाही बोललात, असं मी विचारलं. तर त्यांची पाळी पुढच्या महिन्यात होती. मी दुसऱ्याच दिवशी त्यांचा उपाय केला. घाई झाली. प्रत्येकीने उठायचं आणि बटाट्याची गोष्ट ‘मी’ लावून सांगायची. वर्ग संपेपर्यंत सगळ्या तयार झाल्या. शेवटी खात्री करावी म्हणून मी थोरल्या सिस्टरना विचारलं की आपण कोण. त्यांनी माझ्या डोळ्याला डोळा भिडवून, एकही चूक न करता, मी बटाटा आहे असं सांगितलं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग मी सिस्टरना घरी बोलावलं आणि तुमच्या बंधूंना मुलाखत घ्यायला बसवलं. घरात जर्मनची दोन माणसं असून (एक बहीण, एक बायको) त्यांना त्या भाषेतला एकच शब्द येतो, तो म्हणजे ‘का’. ते बनियनवर टाय लावून बसले आणि सिस्टर काहीही बोलल्या तरी विचारत राहिले, का? तुम्हाला पटणार नाही, पण सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. चारपाचदा ‘का’ ऐकल्यावर सिस्टर चिडल्या, आणि चिडून दोनतीन वाक्यं वर्तमानकाळात बोलल्या. मला वाटलं, जमलं. निघताना त्यांनी यांना विचारलं की चहा घेणार का, करून देते. यांनी सवयीने विचारलं, का? चहा शेवटी मलाच करावा लागला.

मुलाखत आमच्याच झेरॉक्सच्या खोलीत, व्हिडिओवर. फ्रेंच सर न बोलावता आले. कॅमेऱ्यात सिस्टरचं कपाळच तेवढं येत होतं, म्हणून त्यांनी लॅपटॉपखाली एकावर एक शब्दकोश रचून दिले आणि बाहेर जाऊन दाराशी उभे राहिले. सिस्टरनी इस्त्रीची साडी नेसली होती आणि टेबलाखाली चपला काढून ठेवल्या होत्या. मी कोपऱ्यात, पडद्यावर दिसणार नाही अशी. समोर तिकडची मेट्रन होती, धिप्पाड बाई, आणि शेजारी पांढऱ्या दाढीचे डॉक्टर. मेट्रनने पहिलंच विचारलं की तुमच्याबद्दल सांगा. मी कोपऱ्यातून स्वतःच्या छातीवर बोट आपटून ‘मी, मी’ अशा खुणा करायला लागले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, एक बाई होती.

मी डोळे मिटून घेतले, वन्सं. पण त्या थांबल्या नाहीत. ती बाई एका वॉर्डात काम करत होती, म्हणाल्या. वॉर्डात एक म्हातारा होता. तो जेवत नव्हता. रोज ताट ढकलायचा. मेट्रन पुढे सरकली आणि विचारलं, मग त्या बाईने काय केलं? बाई त्याच्याजवळ बसली. ती त्याला जेव म्हणाली नाही. तिने त्याला विचारलं, तुमच्या घरी ताट कोण वाढायचं? म्हातारा रडला. मग? मग त्याने सांगितलं, आणि सांगता सांगता दोन घास खाल्ले. मेट्रन एकेक प्रश्न विचारत होती आणि सिस्टर एकेक वाक्य देत होत्या. बघा, मी वर्गात करते तेच, अगदी तसंच. फक्त इथे बटाटा नव्हता. व्याकरणाच्या चुका तर होत्याच, पण तेवढ्यापुरत्या त्या मला ऐकू येत नव्हत्या.

शेवटी दाढीवाल्या डॉक्टरांनी विचारलं, ती बाई आता कुठे आहे?

सिस्टर स्वतःच स्वतःच्या पदरावर हात ठेवून म्हणाल्या, "ती बाई इथे आहे. ती बाई मी आहे."

त्यांना घेतलं. पत्र आलं, मुलीला दाखवून झालं, वर्गात पेढे वाटून झाले. वर्गात उभ्या राहून त्यांनी ही बातमी सांगितली तेव्हा सगळ्यांनी कान टवकारले होते की कशी सुरुवात करतात. त्या म्हणाल्या, मी जाते. एवढंच. संचालकांनी माझं अभिनंदन केलं, आणि फ्रेंच सर सगळीकडे सांगत सुटले की मूळ प्रश्न त्यांचा होता. असू दे. त्यांनी शब्दकोश रचले होते, तेव्हा तेवढा मान त्यांचा.

सांगायचा मुद्दा काय, तर गोष्टी सांगून भाषा येते. पुरावा पाहिजे असणाऱ्यांनी (मी कुणाचं नाव घेत नाही) आता तो मान्य करावा. भावोजींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुमची,
भावजय

ता. क. सिस्टरना घेतलं, पण त्यात एक अट होती, ती वर लिहायची राहिली. मेट्रनने कळवलंय की बाई मनाच्या उत्तम आहेत, मात्र निघायच्या आत त्यांची क्रियापदं वर्तमानकाळात आलेली हवीत, कारण औषध आता देतेय की दिलं होतं की कुणीतरी दुसरीनेच दिलं होतं, हे वॉर्डात नक्की कळावं लागतं. आणि बाकीच्या सगळ्या पोरींच्या मुलाखती त्याच मेट्रनकडे आहेत. सगळ्यांनी ‘एक बाई होती’ पाठ करून ठेवलंय. माझ्याच्याने आता ते मोडवत नाही. तेव्हा तुम्ही पुढच्या आठवड्यात येऊन महिनाभर राहावं. मागची खोली रिकामी केली आहे. कपाट सरकवलं ते त्याचसाठी.

ता. क. दुसरा. फ्रेंच सर फुकट शिकवायला तयार होते, पण मी नको म्हटलं. त्या पोरींना ‘मी’ म्हणायला शिकवायचंय, आणि ‘मी’ हा शब्द आपल्या दोन्ही घरांत तुमच्याइतका स्पष्ट, ठासून आणि जागोजागी दुसऱ्या कुणालाही वापरता येत नाही.