नरालेही सुई

मुर्री, जुलै २००६

तिसऱ्यांदा नवरदेव होऊन राहिलेले मनिराम,

तिरोड्याची पोरगी पक्की केली म्हणे. आधी मले वांझ म्हणून हाकललं, मंग प्रेमिलाले. डॉक्टर म्हणाला, आता नवऱ्याचंही रक्त काढून तपासू, तं तुम्ही चप्पल घालून चालते झाले. म्हणे, "मरदाले कायले सुई?"

मी आता मत्स्यबीज केंद्रात रोहूले सुई टोचते. पिल्लं करायचा हुकूम मेंदूतून ज्या हार्मोननं सुटते, त्याचीच ती सुई. पहिल्या दिवशी मी नुसत्या माद्याच धरल्या. साहेब हसले, "बाई, नरालेही लागते."

नर टोचून घेते आणि चुपचाप पाण्यात जाते. रोहू तुमच्याहून मर्द निघाला.

प्रेमिलाही इथंच कामाले आहे. नर तीच धरते.

हे पत्र तुमाले धाडत नाही. उद्या आम्ही दोघी तिरोड्याले त्या पोरीकडेच जातो.

तुमची पहिली वांझ,
शेवंता