शून्य भरलेला रकाना

१४ मार्च

ती. दादास,
साष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक, असं लिहायचं असतं म्हणून लिहिते. आईचा गुडघा बरा आहे. वहिनींना सांग, स्वेटर पोचला. बाह्या जरा लांब आहेत, पण चालेल.

तीन वेळा फोन केला, तू उचलला नाहीस. म्हणून पत्र.

माझं काम म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे, असं तू चिडवतोस. जाळलेल्या तेलाचा धूर मोजणं सोपं आहे रे. पण ज्या तेलाचं डांबर, वंगण, प्लास्टिक होतं, त्यातला किती कार्बन वस्तूत राहिला आणि किती हवेत गेला, हे आम्ही सरकारी हिशेबासाठी कारखान्यांच्या फॉर्मवरून ठरवतो. डांबर बिचारं रस्त्यात पडून राहतं. डोकं उठवलंय ते तुझ्या कारखान्याने. यंदाही फॉर्मवर तेच: कच्च्या तेलातून निघालेला नाफ्था प्लास्टिकसाठी जेवढा आला, तेवढा सगळा 'कच्चा माल'. हवेत गेलेला कार्बन शून्य. खाली तुझी सही.

शून्य कसं असेल? नाफ्था भट्टीत फोडताना सुटलेला गॅस तुम्ही त्याच भट्टीखाली जाळता. मी कॉलेजात असताना तूच मला ती ज्योत दाखवलीस आणि म्हणालास, "बघ, इथे काही वाया जात नाही." केवढा मिरवत होतास तेव्हा.

आमचे साहेब म्हणतात, सही आहे ना, मग पाठवा पुढे. गेल्या वर्षी मी तेच केलं. दुसऱ्या कुणाचा फॉर्म असता तर त्याच दिवशी परत धाडला असता. तुझं नाव दिसलं आणि मी मुकाट्याने शिक्का मारला. वर्षभर तुझ्यावर चिडचिड केली, पण राग माझाच येत होता.

तुझी बढती अडेल, वहिनी माझ्याशी बोलणं टाकतील. सगळं कळतं मला. तरी झाकली मूठ आता ठेववत नाही.

सोबत कोरा फॉर्म आहे. आठ दिवसांत खरा आकडा भर. चूक तूच सुधारलीस अशी नोंद होईल. नाहीतर आकडा मी भरीन, आणि तो कशावरून काढला हेही लिहीन.

गेल्या वर्षीचा खुलासा काल साहेबांना लिहून दिला. फॉर्म न तपासल्याचा दोष माझ्या एकटीचा, असं त्यात आहे. माझी नोकरी राहील की नाही, माहीत नाही. तुझ्यासाठी एवढं एकदाच करता येत होतं, ते केलं.

तुझ्या उत्तराची नव्हे, आकड्याची वाट पाहणारी,
तुझी धाकटी