पुनवेआधीचा नारळ

तारापूर,
१२ ऑगस्ट १९६७

प्रिय जमुनावहिनी,

तुला आणि केळव्याच्या सगळ्यांना नमस्कार, पोटातल्या बाळाचा गालगुच्चा. पाय सुजतात का गं अजून? इकडे आईच्या सुकटीला बुरशी लागली, म्हणून ती पावसाला शिव्या घालत होती. माझं अक्षर वाकडं येतंय, तिकडे बघू नकोस.

माझ्या नोकरीचं विचारलं होतंस. माशांवर पीएच.डी. करून डॉक्टर झाले खरी, पण पुढच्या संशोधनाची जागा शोधता शोधता नाकी नऊ आले. सगळ्या विद्यापीठांचं उत्तर एकच, जागा नाही. दक्षिणेतल्या एका प्रोफेसरांनी मात्र लिहिलं, भर पावसाळ्यातली बोंबलाची गाबोळी, म्हणजे पोटातली अंडी, आणा, ती कुणाकडेच नाही. आणलीत तर जागा तुमची. असेल कशी कुणाकडे? नारळी पुनवेला नारळ वाहिल्याशिवाय आपल्यात होडी पाण्यात जाते का!

परवा जेवताना मी हे बोलले. बाबा म्हणाले, "पुनव आलीच हाय. थांब." मी म्हटलं, पुनवेनंतरची प्रोफेसरांना चालायची नाही. कोळ्याची पोर बोंबलासाठी अडली, लोक हसतील मला. एकनाथदादा खाली मान घालून जेवत राहिला. तो असा गप्प बसला की काय करतो, ते तुझ्याइतकं कुणाला माहीत?

वहिनी, आधी खाली बस. मग पुढचं वाच.

काल पहाटे दादा लहान होडी घेऊन गेला. गाबोळी टिकवायची फॉर्मलीनची बाटली मीच त्याच्या हातात दिली. "नको जाऊ" म्हणाले गं, पण बाटली दिलीच ना? तो हसला. "हंसे, सांजला येतो. जमुनेला सांगू नको, उगा घाबरंल." दुपारी वारा फिरला. दादा अजून आलेला नाही.

मला फार भीती वाटते. दार वाजलं की धावत बाहेर जाते. आई मला एका शब्दाने बोलत नाही, उलट जेव म्हणते, तेच सहन होत नाही.

सकाळी बाबांनी सगळ्यांचे पाय धरले, होड्या काढा म्हणून. कुणी हलेना. खंडेरावतात्या डोळे पुसत म्हणाले, "नारळ नाय पडला, दामू. कसं जायाचं?" बाबा घरी आले, पुनवेसाठी ठेवलेला नारळ उचलला आणि छातीभर पाण्यात जाऊन वाहिला. एकट्याने. ना वाजंत्री, ना गाणी. वळून म्हणाले, "झाली पुनव." मग तात्यांनीच पहिली होडी ढकलली. सगळे शोधायला गेलेत. किनाऱ्यावर आम्ही बायकाच आहोत.

मैनाबाई केळव्याला निघाली आहे, तिच्या हाती हे देते. आई म्हणते, जमुनेला अशा दिवसांत बोलावू नको. मी म्हणते, ये. मला एकटीला त्या पाण्याकडे बघवत नाही. ती जागा नको मला, गाबोळी नको. दादा रिकाम्या हातांनी येऊ दे.

अजून म्हणू देशील तर, तुझी नणंद,
हंसा