पंचांच्या यादीत माझं नाव

रवि., ५ जानेवारी
आज काय झालं! उपासना संपली, मी हार्मोनियमची पेटी बंद करत होते, तेवढ्यात नवे पाळकसाहेब जवळ आले. "एस्तेरताई, या वर्षी पंचांसाठी तुमचं नाव सुचवतोय."
पंच! मी! मंडळीचा सगळा कारभार, आजाऱ्यांच्या भेटी, प्रभुभोजनाची तयारी.
तिथेच सांगून टाकलं. "पाळकसाहेब, माझा देवावर विश्वास नाही. कॉलेजात असल्यापासून नाही. मी येते ती गाण्यांसाठी आणि या माणसांसाठी."
ते हसले. "ठाऊक आहे. प्रार्थनेच्या वेळी तुमचे डोळे उघडे असतात."
"म्हणजे तुमचेही असतात!"
दोघंही खूप हसलो. म्हणाले, विचार करा, सभा सव्वीसला.
रोह्याहून पेणपर्यंत एसटीत खिडकीशी बसून मनात नुसते बेत. चर्चमागची बंद खोली मुलींना अभ्यासाला उघडायची. गाण्याचा वर्ग. लग्नातही नव्हतं तेवढं हसू तोंडावर होतं.

सोम., ६
विलासला सांगितलं. नवरा माघी गणपतींच्या ऑर्डरीत बुडालेला, जोह्याच्या मूर्तींच्या कारखान्यातून रंगलेल्या हातांनीच घरी येतो.
"मग हो ना पंच. माझ्याकडं डोळ्यांची आखणी करायला माणूस ठेवताना मी त्याचा हात बघतो. मनात काय हाय ते कुठं विचारतो?"
मस्त मुद्दा! वापरणार.

बुध., ८
शाळेत शिकवून आले तर बेंजामिनमामांचा फोन. सगळ्यात जुने पंच. बाबा गेल्यावर मला पेटी यांनीच शिकवली.
"पाळकानं सांगितलं मला. मी सभेत विरोध करणार हाय. दुसऱ्याकडून कळू नये म्हणून आधी तुलाच सांगतो."
मी विलासचा आखणीचा मुद्दा ऐकवला. मामा म्हणाले, "तुझ्या नवऱ्याची मूर्ती एकदा गाडीत चढली की त्याचं काम संपलं. पंचाचं काम माणूस मरायला टेकला की सुरू होतं."
मुद्दा आपटला माझा. राग यायला हवा होता. उलट वाटलं, इतक्या वर्षांत माझ्याशी कोणी असं भांडलंच नव्हतं. फोन ठेवल्यावर स्वयंपाक करताकरता एकटीच वाद घालत होते. भाजी लागली.

शनि., १८
शाळा सुटल्यावर थेट रोहा. लीलामावशी दवाखान्यात, दम लागतो. माझ्या आईची मैत्रीण. हात धरून म्हणाली, "एस्तेर गो, प्रार्थना कर."
"मावशी, मला खरी येत नाय ती."
"मंग माझी कर. मला बोलवत नाय."
ती दोन शब्द बोलायची, धाप लागायची, पुढचं मी पुरं करायचे. मुलीचा संसार. शेजारणीचा आजारी नवरा. शेवटी स्वतःसाठी एकच मागणं, भीती वाटू नये. ते मी दोनदा म्हटलं. मावशी झोपली.
बाहेर बाकड्यावर मामा बसलेले. मी धावतच गेले. "मामा, मी केली! मला जमलं!"
"तिला बरं वाटलं?"
"झोपली."
"चांगलं केलंस." मग हळू आवाजात, "उद्या ती गेली नि पोरीनं विचारलं, माझी आई कुठं हाय, तर काय सांगशील?"
"ते शोधावं लागेल," मी म्हटलं. पण त्या खोलीत जे झालं ते खोटं नव्हतं, हेही मामांना सांगितलं. ते नाही म्हणाले नाहीत.

रवि., २६
आज सभा झाली!
पाळकसाहेबांनी नाव वाचलं. मी उभी राहिले. सगळ्यांसमोर म्हटलं, माझा विश्वास नाही, हे माहीत असूनच मत द्या. मग एकदम सगळे बोलायला लागले. "निदान खरं तरी बोलली." "मग आमच्या पोरांना काय सांगायचं?" "ती नसती तर नाताळची गाणी कोणी बसवली असती?"
मामा उठले. "शपथेच्या वेळी पंचाला विचारतात, प्रभूवर विश्वास ठेवतेस का. ही व्हय म्हणणार नाय. आणि हिच्या तोंडून खोटं व्हय मला ऐकायचं नाय."
पाळकसाहेब चाचरत म्हणाले, तो प्रश्न वगळता येईल.
"मग सगळ्यांसाठीच वगळा. नाहीतर ठेवा," मामा म्हणाले.
मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. माझ्याच विरोधात! मीही हेच म्हणाले असते.
ठरेना. शेवटी निर्णय ईस्टरनंतरच्या सभेवर गेला. पण मामा खाली बसले नाहीत. "तोवर आजाऱ्यांकडं मी आणि एस्तेर बरोबर जाऊ. ती काय करते ते मी बघतो. मी काय करतो ते ती बघू दे."
कोणाला काही सुचायच्या आत मी "चालेल" म्हणून मोकळी.

सोम., २७
विलास म्हणतो, "म्हातारा तुला बाटवणार."
मी म्हटलं, किंवा मी त्याला.
विलास हसला. मग त्यानं विचारलं, "आणि तुझाच विश्वास बसला तर?"
माहीत नाही. भीती नाही वाटत त्याची. आश्चर्य आहे.

शनि., ८ फेब्रुवारी
पहिली भेट. कोलाडला मामांना गाठलं, तिथून रिक्षा करून खांबला. मंडळीतले एक काका, पक्षाघात, घरात बायको आणि ते. वाटेत मामांशी जोरदार वाद, मेल्यावर माणसाचं काय होतं यावर. रिक्षावाला आरशातून बघत होता. मामा हरले की डोक्यावरची टोपी नीट करतात. तीनदा केली!
दारात काकू आल्या. आळीपाळीनं आमच्याकडे बघत राहिल्या. "पाळकांनी सांगितलं पंच येतील म्हणून. एस्तेरपण पंच झाली का?"
मी मामांकडे बघितलं. मामांनी माझ्याकडे.
"ते ठरायचं हाय अजून," मामा म्हणाले. "आधी आत येऊ का आम्ही?"