मिक्सरखालची पाटी

बाई, तुमचा तो मिक्सर आठवतोय. बटण दाबलं की ओट्यावरून चालतच सुटायचा आणि तुम्ही एका हाताने त्याचं डोकं दाबून धरून चटणी वाटायचात. कॉलेजात तुमच्या हाताखाली प्रोजेक्टला आम्ही दोघी होतो, मी आणि ती. यंत्रांखाली ठेवायची, हादरे गिळणारी पाटी बनवायची होती, दोघींनी आपापली. इपॉक्सी म्हणजे घट्ट होणारी राळ, कडक पण ठिसूळ. त्यात रबर घातलं की हादरे पोटात घेतं, पण ताकद कमी होते. ती परत आणायला बारीकातली बारीक चिकणमाती घालायची. सांगायला एवढंच काम, पण माती घाईने ओतली की गुठळ्या, आणि मी जन्माची घाईची. "पिठलं करतेस का गं?" असं तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात. ती आपली शांतपणे घोटत बसायची. मला तिच्या मनगटाचासुद्धा राग यायचा.

मग एका रविवारी तुम्ही आम्हाला तुमच्या गावी, भऱ्याला, घरी जेवायला बोलावता. मी स्वयंपाकघरात येते, तर मिक्सरखाली एक पिवळट पाटी. तिची. माझी भूकच मेली. माझीही ठेवून पाहिली होतीत म्हणे. गुठळ्यांनी ताकद जाईल या भीतीने मी रबरातच हात आखडला होता, त्यामुळे माझी कडक झाली खरी, पण हादरा जसाच्या तसा ओट्याला द्यायची. घरी तुमची बोली वेगळी असायची. भाकरी थापता थापता म्हणालात, "तुझी लई खणखणीत हाय गं, पर तिची गप बसती." समजूत काढायला म्हणालात, कळतं मला. पण जळफळाट झाला तो झालाच, अजून गेलेला नाही.

तुम्ही जाऊन किती वर्षं झाली. ती आता महाळुंग्याला उंच इमारतीत राहते, सणासुदीला आठवणीने फोन करते. स्वभावाने गोड आहे, तेच तर खुपतं. मी पिरंगुटजवळ एका कंपनीत यंत्रांखाली घालायच्या पाट्या बनवते. परवा एकदाचं जमलं. रबर पुरेसं, माती नीट पसरलेली, हादरा आत मुरतो आणि वजनाला पाटी दबत नाही. साहेबांनी पाठ थोपटली तरी मला काही म्हणजे काही वाटलं नाही. एक पाटी पिशवीत घातली आणि तडक भरं गाठलं.

तुमच्या सूनबाईंनी चहा टाकला. मिक्सर नवा आलाय, पाटी तीच. इतक्या वर्षांत ना तडा, ना खड्डा. मी माझी पुढे केली. त्या म्हणाल्या, "ठिवा की ताई. जुनीला काय झालं न्हाई, पर आणलीच हाय तर ठिवा." मी तिची काढली, माझी सरकवली. त्यांनी खोबरं फिरवलं. मिक्सर जागचा हलला नाही. मी कान देऊन उभी, कुणीतरी काही म्हणेल म्हणून. सूनबाईंनी चटणी वाटीत काढली आणि चहात साखर किती घालू ते विचारलं.

जुनी टाकून द्या म्हणाल्या. मी ती पिशवीत घातली आणि घरी आणली. जिची पाटी, तिला हे सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. माझ्या ओट्यावर, माझ्याच मिक्सरखाली ठेवलीय, रोज सकाळी त्यावर वाटण करते. खरंच गप बसते हो, बाई.