दोन जागा मागितल्या होत्या

३ जून, मंगळ.
पुण्याहून आत्ता आले. पाय सुजलाय. अपंग आयुक्तांकडं सुनावणी झाली. दौंडच्या कॉलेजात शिपायाच्या दोन जागा अपंगांच्या, कितीक वर्षं रिकाम्या. संस्थेचा वकील म्हणतो, "योग्य उमेदवार मिळत नाही." आन् समोर मी आन् शबाना बसलेलो. ती दोन कुबड्यांवर चालणारी, मी गुडघा हातानं दाबून. म्हणलं, साहेब, मग आम्ही काय फर्निचर हाय का? साहेब हसले. वकील न्हाई हसला.
पुढची तारीख दिली.
गाडीत शबाना म्हणाली, "अक्का, घेऊ तर दोघी घेऊ." म्हणलं, व्हय.

१२ जून, गुरु.
वहिनी म्हणती, "या वयात शिपाई होऊन काय दिवे लावणार?" म्हणलं, तुझ्या कांद्याच्या ढिगापुढून उठंन, तेवढं बास. दादानं आणखी एक भाकरी घेतली.
त्याच्या घरात बसून कांदा निवडते, तिथंच जेवते, तिथंच झोपते. कुणी वाईट बोलत न्हाई. त्याचाच जास्त तरास...
ऑगस्टात पंचेचाळीस पुरी. मग अपंगाच्या जागेलाबी वय बसत न्हाई. हीच एक खेप.

२० जून, शुक्र.
तारखेला पुण्याला गेले तर सुनावणीच न्हाई. टेबलावरची बाई म्हणाली, तक्रारदारानं तक्रार मागं घेतली. म्हणलं, तक्रारदार तर मी हाय. तिनं कागद फिरवून दाखवला. तक्रार शबानाच्या नावानं, मी खाली साक्षीदार. तिची दहावी झालेली, अक्षर चांगलं, म्हणून मीच म्हणाले होते, तू लिही.
फोन लावला. उचलला न्हाई. परत लावला. बंद.

२१ जून, शनि.
दौंडला तिच्या घरी गेले. अम्मीनं दार उघडलं. "आ बेटी, बैठ. चाय पी." शबाना आतून बाहेरच येईना. मी हलले न्हाई. शेवटी आली.
नोकरी लागली तिला. संस्थेच्या सचिवानं बोलवून सांगितलं, एक जागा देतो, तक्रार काढून घ्या.
"मला एकदा विचारावं वाटलं न्हाई?"
"विचारलं असतं तर तू न्हाई म्हणाली असतीस, अक्का."
बरोबर हाय. न्हाईच म्हणाले असते.
"तुला दादा हाय. अम्मीला कोण हाय माझ्याशिवाय?"
चहाला हात लावला न्हाई. उठताना तोल गेला. तिनं कुबडी पुढं केली. मी भिंत धरली.

१ जुलै, मंगळ.
वहिनी "तरी मी म्हणत होते" असं म्हणाली न्हाई. म्हणाली असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.
रागारागात कांदा निवडला. चांगला माल सडक्यात गेला. दादानं गुपचूप परत वेगळा केला.
शबानाचे मेसेज येतात. ऐकत न्हाई.

९ जुलै, बुध.
शिरूरच्या स्टँडवर अपंग संघटनेचे आबा भेटले. त्यांना दिसत न्हाई, पण माझ्या पायाचा आवाज वळखतात. म्हणाले, "तुझ्या मैत्रिणीला वरच्या मजल्यावर बसवलीय म्हणं." लिफ्ट न्हाई. पायरीवर बसायचं, कुबड्या वरच्या पायरीवर ठेवायच्या, मग हातावर अंग वर ढकलायचं. परत तेच. पोरं मोबाईलवर व्हिडिओ काढतात. संडास खाली, म्हणून दिवसभर पाणी पीत न्हाई.
म्हणलं, बरं झालं.
"खरं बोलतीस का?"
"व्हय, खरं."
एसटी आली म्हणून बरं.

१६ जुलै, बुध.
मेसेज ऐकले. सगळे. खाली बसायची जागा मागितली तिनं. म्हणाले, शिपायाचं काम वर, जमत नसंल तर राजीनामा द्या. कायद्यात हाय की, अपंगाला कामावर घेतला तर त्याला करता येईल अशी सोयबी द्यायची. आबांनी दहादा सांगितलंय.
मुद्दाम चढवलीय तिला. आपणहून गेली की ह्यांना लिहायला मोकळं, जागा दिली होती, बाई टिकली न्हाई. तक्रार तर आधीच काढून घेतलेली.
येडी. भाड...
न्हाई लिहीत.

१८ जुलै, शुक्र.
संस्थेच्या क्लार्कचा फोन. आवाज गोड. "ताई, यादीत दोन नंबरला तुम्हीच. त्या बाई सोमवारी राजीनामा देतील बहुतेक. तुम्ही जिना चढता ना?"
म्हणलं, चढते.
"मग सोमवारी कागदपत्रं घेऊन या. आणि ते आयुक्त वगैरे आता नको हां."
येते म्हणाले. फोन ठेवला आन् लगेच कागदांची पिशवी शोधली. आनंदानंच. खोटं कशाला लिहू.

२० जुलै, रवि.
शबानाचा फोन. उचलला. सोमवारी पुण्याला जाणार, परत तक्रार द्यायला, खाली जागा द्या म्हणून.
"तू साक्षीला ये. एकदा मागं घेतलेली बाई मी, माझं एकटीचं कोण ऐकंल?"
"आन् राजीनामा?"
"टाईप करून ठेवलाय त्यांनी. सही तेवढी राह्यलीय. तू न्हाई आलीस तर करून टाकते. किती दिवस तहानेली बसू, अक्का?"
शिव्या दिल्या. पोटभर. ती ऐकत राह्यली, फोन ठेवला न्हाई. मग म्हणाली, "झालं? आता ये."
येते म्हणाले.
क्लार्कचं तिला सांगितलं न्हाई. तिचं इथं कुणाला सांगितलं न्हाई. वहिनीनं साडीला इस्त्री केली, म्हणाली, "हापिसात जायचं तर जरा माणसासारखं दिसावं." पहिल्यांदाच हसून बोलली. कागदांची पिशवी भरून ठेवलीय. दोन्हीकडं तेच कागद लागतात.
गावातनं सकाळची एकच गाडी, चौफुल्यापर्यंत. तिथं उतरलं की दौंडची गाडी अलीकडंच मिळते. पुण्याची घ्यायची तर हायवे ओलांडून पलीकडं जावं लागतं. मला वेळ लागतो ओलांडायला.